आयबीएसचं पथ्य : आधी थांबवा, मग एकेक करून परत आणा

आयबीएस असलेल्या माणसाला सल्ल्यांची वाण नसते. मावशी सांगते दूध सोड, ऑफिसातला सहकारी सांगतो गहू सोड, शेजारचे काका सकाळी कोमट पाण्यात मध घ्यायला लावतात, आणि कुणीतरी कच्च्या कोशिंबिरीची वाटीच पुढे करतं. माणूस बिचारा सगळ्यांचं ऐकतो. वर्षभराने ताटात मऊ भात आणि दही एवढंच उरतं, पोट मात्र होतं तिथेच. त्यातलं दहीच त्याला बाधत असण्याची शक्यता असते, आणि मधाचं तर विचारूच नका. आयबीएसमध्ये त्रास देणाऱ्या पदार्थांत मधाचा नंबर बराच वरचा आहे.

पदार्थ सोडणं हे पथ्याचं काम नाही. आपल्याला नेमकं काय बाधतं आणि कितीपासून बाधायला लागतं, हे शोधून काढणं हे त्याचं काम. त्यासाठी ठरलेली पद्धत आहे. तिला साधारण तीन महिने लागतात आणि ती मराठी स्वयंपाकघरात करता येते. इंटरनेटवरच्या याद्या ॲव्होकाडो आणि ब्लूबेरीने भरलेल्या असतात म्हणून बिचकायचं कारण नाही.

आधी दवाखाना

आयबीएस म्हणजे इरिटेबल बॉवेल सिंड्रोम. 2016 साली ठरलेल्या 'रोम-4' निकषांप्रमाणे गेले तीन महिने आठवड्यातून सरासरी एक दिवस तरी पोटात दुखत असेल, दुखणं शौचाशी जोडलेलं असणं, शौचाच्या वेळा बदलणं आणि शौचाचं स्वरूप बदलणं यांपैकी किमान दोन गोष्टी असतील आणि या सगळ्याला सुरुवात होऊन किमान सहा महिने झाले असतील, तर त्याला आयबीएस म्हणतात. नुसते गॅस होणं म्हणजे आयबीएस नव्हे. ते सगळ्यांनाच होतात.

पुढचं काहीही करण्याआधी डॉक्टरांकडे जा. शौचातून रक्त जात असेल, कारण नसताना वजन घटत असेल, ताप येत असेल, रात्री झोपेतून उठून जावं लागत असेल, हिमोग्लोबिन कमी असेल, पन्नाशीच्या आसपास हा त्रास पहिल्यांदाच सुरू झाला असेल किंवा घरात कुणाला आतड्याचा कर्करोग झालेला असेल, तर हा लेख बाजूला ठेवा आणि तपासण्या करून घ्या. आपल्याकडे आतड्याचा क्षयही असतो, तोही अशीच सोंगं आणतो. हिमोग्राम, थायरॉइड, शौचाची तपासणी आणि गव्हाच्या सिलिॲक आजारासाठी टीटीजी ही रक्ततपासणी, एवढं बहुतेक डॉक्टर सांगतातच. यात एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. टीटीजी तपासणी होईपर्यंत गहू सोडायचा नाही. गहू सोडून काही आठवडे झाले की ही तपासणी आजार असूनही 'सगळं ठीक' दाखवू शकते.

गरोदर बाई, लहान मूल, आधीच वजन कमी असलेला माणूस, इन्सुलिन घेणारा मधुमेही किंवा खाण्याच्या मानसिक आजारातून गेलेली व्यक्ती, यांनी हे पथ्य आहारतज्ज्ञाशिवाय करू नये.

पहिले दोन आठवडे : वही आणि साध्या दुरुस्त्या

एक वही घ्या. मोबाइलही चालेल, पण ओट्याजवळ ठेवलेली वही जास्त टिकते. रोज पाच गोष्टी लिहायच्या : काय खाल्लं आणि किती (वाटी, पोळी, चमचा अशा मापात), किती वाजता, पोट किती दुखलं (शून्य ते दहा), शौचाला कधी आणि कसं झालं, आणि त्या दिवशीची झोप, ताण, पाळी. 'कसं झालं' यासाठी ब्रिस्टल तक्ता वापरतात. 1997 साली ब्रिस्टलच्या डॉक्टरांनी प्रसिद्ध केलेल्या या तक्त्यात शौचाचे सात प्रकार आहेत. एक म्हणजे लेंड्यांसारखे कडक खडे, सात म्हणजे निव्वळ पाणी, तीन-चार म्हणजे उत्तम. 'पोट साफ झालं नाही' यापेक्षा 'दोन नंबर, कुंथावं लागलं' ही नोंद डॉक्टरांच्या जास्त उपयोगी पडते.

वहीचा खरा फायदा वेगळाच आहे. पोट बिघडलं की आपण शेवटच्या घासाला दोष देतो. पण आंबून वायू करणारे पदार्थ मोठ्या आतड्यात पोचायला काही तास लागतात. संध्याकाळी चहाबरोबर खारी खाल्ली आणि पोट फुगलं, तर गुन्हेगार दुपारची छोल्यांची भाजी असू शकते. वही नसेल तर खारी विनाकारण बदनाम होते.

याच दोन आठवड्यांत या दुरुस्त्या करा. जेवणाच्या वेळा पाळायच्या. सकाळी नुसता चहा, दुपारी तीनला डबा आणि रात्री साडेदहाला भरपेट जेवण हा मुंबई-पुण्याचा क्रम आतड्याला मानवत नाही. चहा-कॉफी मिळून दिवसाला तीन कपांच्या आत. तळण आठवड्यातून एखाद्या वेळी, कारण जास्त तेल-तूप पोटात गेलं की मोठं आतडं जोरात आकुंचन पावतं. तिखट निम्म्यावर आणा. मिरचीतला तिखट अंश आतड्यातल्या वेदनेच्या मज्जातंतूंना थेट चेतवतो, म्हणून तर्री मारलेल्या मिसळीने एकाला नुसता घाम येतो आणि आयबीएसवाल्याला कळ येते. सोडा, कोला, बिअर बंद.

चोथ्याबद्दल थोडं सविस्तर, कारण इथे सर्वांत जास्त गोंधळ आहे. 'पोट साफ होत नाही, मग कोंडा खा' हा सल्ला आयबीएसमध्ये बरेचदा उलटतो. गव्हाच्या कोंड्याने पोट आणखी फुगतं आणि दुखतं. उपयोगी पडतो तो पाण्यात फुगून बुळबुळीत होणारा चोथा, म्हणजे इसबगोल. बद्धकोष्ठ असो वा जुलाब, दोन्हींत तो चालतो : पाणी धरून कडक मळ मऊ करतो आणि पातळ मळाला बांधही घालतो. एक चमचा इसबगोल मोठ्या पेलाभर पाण्यात ढवळायचा आणि लगेच प्यायचा. ठेवला तर पेल्यातच त्याची खळ होते. कोरडा तोंडात टाकायचा नाही, घशात अडकतो. आठवडाभराने हवं तर दोन चमचे. इतर औषधं असतील तर मध्ये दोन तासांचं अंतर. जवसाची पूड रोज एक चमचा हाही चांगला पर्याय आहे, पण जवसाची चटणी करताना लसूण घालायचा नाही. का, ते पुढे येतंच.

एवढ्यानेच भागलं तर इथेच थांबा. 2015 साली स्वीडनमध्ये 75 रुग्णांवर एक अभ्यास झाला. एका गटाला अशाच साध्या दुरुस्त्या सांगितल्या, दुसऱ्याला पुढे येणारं कडक पथ्य. चार आठवड्यांनी दोन्ही गटांतल्या सुमारे निम्म्या लोकांना आराम पडला होता. मोठी शिकार करायच्या आधी हे सोपं करून बघायलाच हवं.

पुढचे चार आठवडे : छोटा चातुर्मास

दोन आठवड्यांनी फरक नसेल तर 'लो फॉडमॅप' पथ्य. ऑस्ट्रेलियात मेलबर्नच्या मोनॅश विद्यापीठात पीटर गिब्सन आणि सू शेफर्ड यांनी ते विकसित केलं. नाव परकं असलं तरी गोष्ट साधी आहे. काही प्रकारच्या साखरा लहान आतड्यात नीट शोषल्या जात नाहीत. त्या पाणी ओढून घेतात, मोठ्या आतड्यात जातात आणि तिथले जिवाणू त्या आंबवून वायू करतात. हे सगळ्यांच्याच पोटात होतं. आयबीएसमध्ये आतड्याच्या नसा हळव्या झालेल्या असतात, म्हणून तेवढ्याच वायूने कळा येतात. या साखरांचे मुख्य अड्डे असे : कांदा, लसूण आणि गहू यांत फ्रुक्टॅन, कडधान्यं-डाळींत गॅलॅक्टॅन, दुधात लॅक्टोज, आंबा, सफरचंद, कलिंगड, मध यांत जादा फ्रुक्टोज, आणि मशरूम, शुगर-फ्री गोळ्या, च्युइंगम यांत पॉलिऑल नावाच्या साखरा.

पाश्चात्त्य स्वयंपाकिणीला कांदा-लसणाविना महिना काढायचा म्हणजे संकट वाटतं. आपल्याकडे कांदेनवमीला कांदाभजी खाऊन आषाढी एकादशीपासून चार महिने कांदा-लसूण बंद करणारी घरं आजही आहेत. नैवेद्याचा सगळा स्वयंपाक त्याविनाच होतो. म्हणजे पाककौशल्य घरात आहेच, आजीला फक्त विचारायचं. गोडा मसाला इथे फार कामाचा : धणे, तीळ, सुकं खोबरं, दगडफूल, लवंग, दालचिनी, कांदा-लसणाचं नाव नाही. कोल्हापुरी कांदा-लसूण मसाल्याचा डबा मात्र महिनाभर वरच्या फळीवर. हिंग मनसोक्त वापरा. बाजारच्या बांधानी हिंगात बहुधा गव्हाचं पीठ असतं, पण चिमटीभर हिंगातून पोटात जाणारं पीठ आयबीएससाठी नगण्य आहे. सिलिॲक असणाऱ्यांनी मात्र डबीवर वाचून घ्यावं. कांद्याची चव हवीच असेल तर पातीचा हिरवा भाग चिरून घाला; खालचा पांढरा कांदा नको.

ज्यांचं लसणावाचून अडतं त्यांच्यासाठी ही युक्ती. फ्रुक्टॅन पाण्यात विरघळतं, तेलात नाही. म्हणून चार चमचे तेल मंद आचेवर ठेवायचं आणि लसणाच्या पाच-सहा सोललेल्या पाकळ्या अख्ख्याच टाकायच्या. ठेचायच्या नाहीत, चिरायच्या नाहीत. कडा सोनेरी झाल्या, वास सुटला, की झाऱ्याने काढायच्या. काढताना मोजायच्या, जितक्या टाकल्या तितक्या निघाल्या पाहिजेत. मग त्याच तेलात मोहरी, जिरं, हिंग, कढीपत्ता. टोमॅटो, डाळ, पाणी हे सगळं पाकळ्या निघाल्यानंतर. पाणी आधी पडलं तर फ्रुक्टॅन रश्शात उतरतं आणि मेहनत वाया जाते. म्हणूनच आमटीत अख्खा कांदा शिजवून नंतर काढून टाकणं ही पळवाट चालत नाही. असं तेल रोजच्या रोज करा. लसणाचं घरगुती तेल बाटलीत भरून ओट्यावर ठेवलं तर त्यात बोट्युलिझमचे जिवाणू वाढू शकतात, आणि ती विषबाधा जिवावर बेतणारी असते.

आता धान्य. भात आणि ज्वारी हे या महिन्याचे दोन खांब. पोळीऐवजी ज्वारीची किंवा तांदळाची भाकरी, घावन, कांदेपोह्यांऐवजी बटाटेपोहे, कोकण-गोव्याकडे उकड्या तांदळाची पेज. रवा, शेवया, पाव, टोस्ट, बिस्किटं हे सगळं गहूच आहे हे लोक विसरतात आणि 'पोळी सोडलीय, फक्त उपमा खातो' असं सांगतात. थालीपिठाची भाजणी आणि 'मल्टिग्रेन' आटा यांत डाळी असतात, तेही नको. गव्हाशी आपलं भांडण ग्लुटेनवरून नाही, हेही इथेच सांगतो. 2018 साली नॉर्वेत, ग्लुटेन बाधतं असं मानणाऱ्या 59 लोकांना न सांगता कधी ग्लुटेन, कधी फ्रुक्टॅन, तर कधी दोन्ही नसलेल्या वड्या खायला दिल्या. त्रास वाढला तो फ्रुक्टॅनने. तेव्हा महागडी ग्लुटेन-फ्री पाकिटं विकत आणू नका.

डाळ पूर्ण सोडली तर शाकाहारी माणसाने खायचं काय? ती सोडायची नाही, मोजायची. मुगाची किंवा मसुराची डाळ काही तास भिजवून, ते पाणी ओतून देऊन, नव्या पाण्यात शिजवायची. बाधणारी साखर बरीचशी पहिल्या पाण्याबरोबर जाते. त्याचं पातळ वरण जेवणाला अर्धी वाटी. राजमा, छोले, चवळी, वाल महिनाभर नाहीत. अंडी, मासे, चिकन यांत या साखरा नसतातच; तिथे घात करतं ते कांद्या-लसणाचं वाटण. शेंगदाणे मूठभर चालतात.

भाज्यांत गाजर, बटाटा, पालक, फरसबी, भेंडी, वांगं, काकडी, जेवणाला साधारण अर्धी-पाऊण वाटी. फळांत पपई, संत्रं, अननस किंवा घट्टसर केळं, एका वेळी एकच फळ. केळं जितकं पिकून काळं पडेल तितकं त्यातलं फ्रुक्टॅन वाढतं. दुधाऐवजी लॅक्टोज-फ्री दूध, ते आता बऱ्याच शहरांत मिळतं. पनीर थोडं चालतं, साजूक तुपात लॅक्टोज जवळजवळ नसतंच. दह्याची वाटी नको, जेवणानंतर अर्धा पेला पातळ ताक बहुतेकांना सोसतं.

पाकिटं उलटून वाचायची सवय लावा. 'कांदा पावडर', 'लसूण पावडर', 'इन्युलिन' दिसलं की पाकीट परत ठेवा. शुगर-फ्री मिठाईवर आयएनएस 420, 421, 965, 967 हे आकडे असतील तर त्या पॉलिऑल साखरा आहेत. आणि कॉफीच्या बरणीवर चिकोरी किती टक्के आहे ते बघा. चिकोरीच्या मुळात इन्युलिन, म्हणजे फ्रुक्टॅनच असतं. 'मला कॉफी सोसत नाही' म्हणणाऱ्या काहींना सोसत नसते ती चिकोरी.

उपवासाबद्दल एक सावधगिरी. साबुदाणा, बटाटा, दाणे हे सगळं या पथ्यात बसतं, पण म्हणून एकादशी अन् दुप्पट खाशी झालं तर तुपात निथळणारी खिचडी पोटावर बसणारच.

मग परत आणायचं

चार आठवड्यांनी पोट शांत झालं की बहुतेक लोक इथेच मुक्काम ठोकतात. बरं वाटतंय ना, मग कशाला छेडायचं? ही या पथ्यातली सर्वांत मोठी चूक. ज्या साखरा आपण बंद केल्या त्याच आतड्यातल्या उपकारक जिवाणूंचं खाद्य आहेत. पथ्यावर काही आठवडे राहिलेल्यांच्या आतड्यात बिफिडोबॅक्टेरिया कमी झालेले आढळले आहेत. कॅल्शियम घटतं, प्रथिनं घटतात, आणि लग्नकार्यात डबा घेऊन जाण्याची वेळ येते.

परत आणण्याची रीत अशी. मूळ पथ्य चालूच ठेवायचं. त्यात एक पदार्थ तीन दिवस चाचणीसाठी घ्यायचा : पहिल्या दिवशी थोडा, दुसऱ्या दिवशी मध्यम, तिसऱ्या दिवशी आपण एरवी खातो तेवढा. त्रास झाला तर त्याच दिवशी थांबायचं. नंतर दोन-तीन दिवस साधं पथ्य, पोट स्थिर झालं की पुढचा पदार्थ. पदार्थ असा निवडायचा की त्यात एकच संशयित साखर असेल. वरणफळांची चाचणी घेऊन काही कळत नाही. त्यात गहूही आहे आणि तूरही.

सुरुवात दुधापासून करा, निकाल स्पष्ट लागतो : पाव कप, अर्धा कप, एक कप. नंतर तुरीची डाळ : पाव वाटी घट्ट वरण, अर्धी, एक. मग पोळी : अर्धी, एक, दोन. आंब्याचा मोसम असेल तर दोन फोडी, अर्धा आंबा, एक आंबा. पॉलिऑलसाठी मशरूम, ज्यांना खायचं असेल त्यांनी. लसूण आणि कांदा शेवटी आणि वेगवेगळे. दोन्हींत फ्रुक्टॅन असलं तरी एक सोसतो आणि दुसरा सोसत नाही असं होतं. शिजवलेला कांदा एक छोटा चमचा, मग मोठा चमचा, मग अर्धा कांदा. कच्च्या कांद्याच्या नादी एवढ्यात लागू नका.

एखादी चाचणी पास झाली तरी तो पदार्थ सगळ्या चाचण्या संपेपर्यंत रोजच्या ताटात आणायचा नाही, नाहीतर बेरीज होते आणि निकाल बिघडतात. परीक्षा, ऑडिट, घरचं लग्न किंवा पाळीच्या आधीचे दिवस चाचणीला घेऊ नका. त्या दिवसांत वरणभातही दोषी ठरतो.

सहा-आठ आठवड्यांत वहीत आपली स्वतःची यादी तयार होते, आणि ती बहुधा अपेक्षेपेक्षा लहान असते. 'एक पोळी चालते, तीन नाही.' 'चहातलं दूध चालतं, बासुंदी नाही.' 'लसूण चालतो, कांदा अर्ध्यापर्यंत.' बाधणारं कायमचं वर्ज्य नसतं. तीन-चार महिन्यांनी पुन्हा चाचणी घ्यावी, सहनशक्ती बदलते. आणि ज्या दिवशी पंगतीत मनसोक्त खावंसं वाटेल त्या दिवशी खा. आयबीएसमध्ये आतडं खराब होत नाही, दुसऱ्या दिवशी त्रास होईल इतकंच. ती सौदेबाजी ज्याची त्याने करावी.

मूळ पथ्य नीट पाळूनही सहा आठवड्यांत काहीच फरक पडला नाही, तर तुमच्या दुखण्याचं मूळ या साखरांत नाही. मग ते ओढत राहू नका. पोळी, वरण, कांदा, दूध सगळं सुरू करा आणि वही घेऊन पोटविकारतज्ज्ञांकडे जा. कळ थांबवणारी औषधं, पेपरमिंट तेलाच्या कॅप्सूल, आतड्याच्या हळव्या नसा शांत करणाऱ्या कमी मात्रेतल्या गोळ्या आणि मानसोपचार असे पुढचे उपाय आहेत, आणि ते अनेकांना लागू पडतात.